ओलेटाचं नाक

“झ्याक झालं हुतं बग,” हॉबर्ट म्हणाला आणि त्यानं ताट पुढं सरकवलं.

ओलेटा त्याच्या कपात कॉफी ओतत होती. हात तिथंच थांबला.

“काय म्हनलास?”

“झ्याक, म्हनलो. खिमा बी आन् रस्सा बी. कांदा तर इचारू नगं.”

“हॉबर्ट, ऊन-बीन लागलंय का तुला?”

“आता चांगल्याला चांगलं म्हनायची बी चोरी झाली का?” असं म्हणून त्यानं टोपी डोक्यावर चेपली आणि भरलेला कप तसाच सोडून तो गुरांच्या आवाराकडं चालता झाला.

ओलेटानं त्याचं ताट उचललं. पावाच्या तुकड्यानं पुसून लख्ख केलेलं. ते घेऊन ती स्वयंपाकघरात आली आणि मोरीला टेकून उभी राहिली. सव्वीस वर्षांत हॉबर्ट प्रूइटनं तिच्या रांधण्याला एकदाही चांगलं म्हटलेलं नव्हतं.

ड्राय फोर्क या डोंगराखालच्या गावात दर मंगळवारी गुरांचा बाजार भरतो. मोठ्या शेडमध्ये लिलाव, मागं कोंडवाडे आणि शेडच्याच कडेला चिकटलेली ही खानावळ. भिंतीपलीकडं लिलाव पुकारणाऱ्याची अखंड बडबड, अलीकडं ताटांचा खडखडाट. मंगळवारचं जेवण ठरलेलं. बीफच्या खिम्याचे थापलेले वडे, वर कांद्याचा दाट तपकिरी रस्सा, शेजारी कुस्करलेले बटाटे आणि घेवड्याच्या शेंगा. चाळीस मैलांवरून गाडीत गुरं भरून आलेला माणूस भाव मिळो न मिळो, जेवल्याशिवाय परत जात नाही.

आणि इथली रीत अशी की बाईनं रांधून पुढं ठेवलं की मुकाट खायचं. ताट पुसायचं, “पोट भरलं, बाई” म्हणायचं आणि उठायचं. मिठाचा खडा दाताखाली आला तरी गिळायचा. रांधणारीला नावं ठेवणं म्हणजे तिच्या दारात जाऊन थुंकणं. त्यामुळं रिकाम्या ताटांवरून ओलेटाला कधी काही कळायचं नाही. पुसलेलं ताट चांगल्या दिवशीही पुसलेलंच आणि वाईट दिवशीही.

कळायचं ते एका हॉबर्टवरून. त्या माणसाच्या जिभेला हाडच नव्हतं. “ह्या वड्याची नाल खेचराला ठोकली तर जल्मात निघायची न्हाई.” “रस्सा हाय का भिताडाचा गिलावा?” “आज कांदा सुट्टीवर गेला वाटतं.” मग ओलेटाही कमरेवर हात ठेवून म्हणायची, “तुला बायको मिळाली न्हाई ते देवानं एका बाईवर केलेलं उपकार हायती.” सगळी खानावळ हसायची. पण मनात ती हिशेब करायची. हॉबर्ट नुसता मिठावरून कुरकुरला तर रस्सा उत्तम जमलाय. बटाट्यांवर घसरला तर वडे चांगले झालेत. शिव्यांत फरक करायला ती शिकली होती. कौतुकाचं काय करायचं ते मात्र तिला ठाऊक नव्हतं.

खरं तर ठाऊक होतं, म्हणूनच ती मोरीला टेकून उभी होती.

ओलेटा या डोंगराच्या वरच्या अंगाची. एकोणिसाव्या वर्षी बर्ल स्ट्रिकलँडशी लग्न होऊन ती खाली ओढ्याकाठी आली. बर्ल लाकूडतोड करायचा. माणूस गोड, कामाला वाघ, आणि आईच्या शब्दाबाहेर नाही. त्याच्या आईचं नाव मर्टल. मर्टलनं पहिलं वर्षभर सुनेला चुलीजवळ फिरकू दिलं नाही. बटाटे सोल, भांडी घास, कोंबड्या झाक. दुसऱ्या वर्षी एका सकाळी, काय मनात आलं कोण जाणे, तिनं ओलेटाच्या हातात उलथनं दिलं आणि म्हणाली, “बग आन् शीक. दोनदा सांगनार न्हाई.”

तिनं खरंच दोनदा सांगितलं नाही. खिमा म्हाताऱ्या गाईचा घ्यायचा, कोवळ्याला चव नसते, पण त्यात चरबी हवी. दुधात भिजवलेला पाव कुस्करून घालायचा, थोडा कांदा किसून, मिरी भरपूर. मळायचा नाही, नुसता गोळा करायचा. मळलास की रबर. वडा थापून मधे अंगठ्यानं खळगा करायचा, नाहीतर तव्यात फुगून बेडूक होतो. बिडाचा तवा धुरापर्यंत तापवायचा, वडे दोन्ही अंगांनी करकरीत करून काढून ठेवायचे. मग त्याच चरबीत उभा चिरलेला कांदा, चिमूट मीठ, आणि तो पार लोळागोळा होईपर्यंत हलवत राहायचं. तव्याच्या बुडाला चिकटलेलं सगळं खरवडून कांद्यात आणायचं. त्यावर मैदा भुरभुरायचा. मग बटाटे उकडलेलं पाणी, मग वडे परत आत, वर झाकण.

“मैदा नाकानं भाजायचा,” मर्टल म्हणाली होती. “डोळ्यावर जाऊ नगंस. तवा काळा, चरबी काळी, कांदा काळा. डोळ्याला काय दिसनार? नाकाला इचार.”

सासूसुनेत प्रेम म्हणावं असं कधी झालं नाही. पण बर्ल अंगावर ओकचं झाड पडून गेला, तेव्हा ओलेटा पस्तिशीची होती आणि पदरात दोन मुली होत्या. त्या वर्षी बाजारवाल्यांना स्वयंपाकीण हवी होती. मर्टलनं कुणाला काही न सांगता जाऊन सांगितलं, “माज्या सुनंला घ्या. माज्यापरीस बरं रांधती.” ओलेटाला ते दहा वर्षांनी दुसऱ्या कुणाकडून कळलं, मर्टल गेल्यावर. तेव्हापासून कांद्यावर मैदा भुरभुरताना रोज एकदा तिच्या मनात म्हातारीचे आभार येतात, आणि लगेच पुढचं काम सुचतं.

मर्टलचं शेवटचं वर्ष मात्र ओलेटाच्या मनातून कधी गेलं नाही. म्हातारीची जीभ आणि डोकं दोन्ही दगा देऊ लागली होती. रश्शात ती साखर घालायची, कधी दोनदा मीठ घालायची. घरातले सगळे खायचे. ओलेटाही खायची, ताट पुसायची, “पोट भरलं, आत्या” म्हणायची. एकानंही तोंड उघडलं नाही. एकदा मर्टलच्या भावाच्या घरचे पाहुणे आले, आणि त्यांच्यातल्या लहान पोरीनं सगळ्यांदेखत घास थुंकला. मर्टलनं सगळ्यांच्या तोंडाकडं पाहिलं. तिला सगळं कळलं, किती दिवसांचं आहे तेही कळलं. त्यानंतर ती चुलीकडं गेली नाही. ओलेटानं तेव्हाच ठरवलं होतं, आपल्यावर ही पाळी आली तर कुणी सांगायची वाट बघायची नाही, आपणच तवा खाली ठेवायचा.

आणि पाळी आली तेव्हा तिनं ठेवला नाही.

मार्चमध्ये ती तापानं तीन आठवडे अंथरुणाला खिळली. उठली तेव्हा कॉफीला ना वास होता, ना चव. सर्दी असेल म्हणून गप्प बसली. मग एका सकाळी शेजारीण नाकाला रुमाल लावून दारात आली आणि म्हणाली, “अगं बया, तुजं कुत्रं काय माखून आलंय!” स्कंक नावाच्या दुर्गंध्या जनावरानं कुत्र्यावर फवारा मारला होता. चार घरांपर्यंत घाण सुटली होती. आणि ओलेटा त्याच कुत्र्याला मांडीशी घेऊन न्याहारी करत होती. डॉक्टर म्हणाले, कधी येईल सांगता येत नाही, येईल की नाही तेही सांगता येत नाही.

तिनं कुणाला सांगितलं नाही. मुली दूर शहरात, त्यांना कळलं तर “आई, आता बास कर” एवढंच म्हणाल्या असत्या. आणि मंगळवार सोडला तर तिच्या आठवड्याला बूडच राहत नव्हतं. जुन्या शेगडीवर सव्वीस वर्षं हात बसलेला होता. मैद्याला उलथन्याचे दीडशे फेरे, की पाणी. नाक नसलं तरी हाताला पाठ होतं. निभत होतं.

जूनच्या सुरुवातीला मालकानं तिची शेगडी म्हातारी झाली म्हणून मोठ्या हौसेनं नवी आणून बसवली. आच दुप्पट. तिनं फेरे कमी केले, अंदाजानं. ताटं पुसलेली येत होती. दोन मंगळवार पुसलेली आली. आणि आज, तिसऱ्या मंगळवारी, हॉबर्ट झ्याक म्हणाला.

जेवणाची वर्दळ ओसरल्यावर तिनं एप्रनला हात पुसले आणि ती मागच्या दारानं कोंडवाड्यांकडं गेली. हॉबर्ट कुंपणावर कोपर टेकून कुणाच्या तरी काळ्या कालवडी बघत उभा होता. तिला येताना बघून त्यानं कालवडींत जास्तच लक्ष घातलं.

“खरं सांग,” ओलेटा म्हणाली.

“काय खरं? ही कडंची कालवड लंगडती. इकनाऱ्यानं वाळूत उभी केलीया, पाय दिसू नये म्हनून.”

“कालवडीला घाल चुलीत. रस्सा कसा हुता?”

“झ्याक म्हनलो न्हवं.”

“हॉबर्ट प्रूइट, तू शाळंत माज्या मागच्या बाकावर बसायचास. खोटं बोललास की तुजं कान लाल व्हत्यात. आता बी झाल्यात.”

हॉबर्टनं टोपी कानांवर ओढली. मग पुन्हा मागं सारली. मग कुंपणाच्या फळीवर बोट घासत म्हणाला, “करपला हुता.”

“कवापास्नं?”

“तीन मंगळवार झालं. पयल्या बारीला वाईच, दुसऱ्या बारीला जरा जास्त. आज तर डांबराची सडक खाल्ल्यागत वाटलं बग.”

“आन् सगळ्यांनी खाल्लं?”

“खाल्लं की.”

“पुसून?”

“तर! त्यो ओढ्यापल्याडचा लेमन तर दुसऱ्यांदा मागत हुता. त्येला वाटलं, तू मनाला लावून घेशील.”

ओलेटाला हसू आलं. “आन् तू? तुजं तोंड कुनी शिवलं?”

“पयल्याच दिवशी बोलनार हुतो. तुज्या वाढपिणीनं, डार्लीननं, बुटानं माजा पाय असा तुडवला, आजून नख काळं हाय. म्हनली, मावशी यंदाच तापातनं उठलीया, जीव थोडा झालाय तिचा, एक सबूद काढलास तर कॉफी डोस्क्यावर ओतीन. मग समद्यांनी ठरवलं, गप बसायचं.”

“गप बसायचं ठरलं, मग तू कवतिक कशापायी केलंस?”

हॉबर्ट खरोखरच चिडला. “मला गप बसता येत न्हाई, ठावं हाय तुला! दोन मंगळवार बसलो कसातरी, पोट फुगलं माजं. काय तरी बोलायलाच पायजे हुतं. वाईट बोलायची बंदी, मग चांगलं बोललो!”

ओलेटा कुंपणाला टेकली. समोरचा एक वळू त्यांच्याकडं बघत निवांत शेण टाकत होता.

“माजं नाक गेलंय,” ती म्हणाली. कुणाजवळ पहिल्यांदाच बोलत होती. “मार्चपास्नं. काय बी येत न्हाई. कांदा न्हाई, कॉफी न्हाई, करपल्यालं न्हाई.”

हॉबर्टनं तिच्याकडं बघितलं. मग वळूकडं बघितलं. “हे बी न्हाई?”

“हे बी न्हाई.”

“मग निम्मं सुखच हाय की गं.”

“मस्करी करू नगंस. आज मी एप्रन ठेवनार हाय. मालकाला सांगते, दुसरी बगा. म्हातारीवानी शंभर तोंडांदेखत व्हायच्या आधी.”

“आन् मी मंगळवारी काय खाऊ? वाळलं गवात?”

“खा काय बी. तीन आठवडं डांबर खाल्लंसच की.”

ती वळली. पंधरावीस पावलं गेली असेल, तोच हॉबर्ट मागून ओरडला, “ओलेटा! गंजी कशी पेटती, ठावं हाय का तुला?”

“काय गंजी?”

तो लंगडतच तिच्या मागं आला. अंगावर गवताचा भुसा, हंगामच चालू होता. “ओलं गवात गंजीत गेलं की आतनं तापतं. पयल्यांदा ग्वाड वास येतो, साखर तव्यावर टाकल्यागत. मग तंबाखूगत. मग तिखट, नाकात शिरनारा. तवर कळलं न्हाई तर शेड गेली म्हनून समज. माज्या बापानं मला सातव्या वर्षापास्नं गंजीत हात आन् नाक घालायला लावलं. पन्नासावर सालं झाली, एक शेड जळू दिली न्हाई. तुजा मैदा त्येच करतोय, दुसरं काय? ग्वाड, मग तंबाखू, मग वाटोळं.”

ओलेटा वळून त्याच्या नाकाकडं बघू लागली.

“नाक माजं बी म्हातारं हाय,” हॉबर्ट म्हणाला, “पर चालतंय.”

त्या संध्याकाळी तिनं डार्लीनला नाकाचं सांगितलं. चाळिशीची धट्टीकट्टी वाढपीण ती, चार ताटं एका हातावर घेऊन पळणारी, पण ऐकून खुर्चीवर बसली आणि डोळे पुसू लागली. “मावशी, आमी म्हनलं, आजारानं हात जड झाला आसंल. आमी तुमचं भलं करायला गेलो.”

“ठावं हाय गं. म्या बी एकदा असंच भलं केलं हुतं एका बाईचं,” ओलेटा म्हणाली. “ऱ्हाऊ दे. मानसांनी माज्यापायी डांबर खाल्लं तीन आठवडं. कोन खातं कुनासाठी?” आणि मग, “पर आता कुनी गप बसायचं न्हाई. पुढच्या मंगळवारी हॉबर्टच्या नाकावर जमलं तर जमलं. न्हाई जमलं, तर मी घरी. समद्यांना सांग.”

पुढच्या मंगळवारी हॉबर्ट साडेदहालाच आला. दाढी केलेली, धुतलेला सदरा. खानावळीतली एक खुर्ची ओढत त्यानं स्वयंपाकघराच्या दारात मधोमध मांडली. डार्लीनला ताटं घेऊन त्याला वळसा घालून जावं लागत होतं. ती दर वेळी म्हणायची, “पाय आत घ्या,” आणि तो दर वेळी बाहेर पसरायचा.

ओलेटानं वडे करकरीत करून काढले. कांदा टाकला. तो चरचरला ते तिनं कानानं घेतलं. मऊ पडला ते उलथन्यानं घेतलं. मग मैद्याचा डबा उचलला. मूठ भरली. बाहेर तिसेक माणसं बसली होती आणि आज सगळ्यांची तोंडं दाराकडं होती.

मैदा पडला. ती हलवू लागली.

हॉबर्टनं डोळे मिटले. मान वर केली. लिलावात बोली लावणाऱ्या माणसासारखा एक हात अर्धवट उचलून धरला.

“कच्चा,” तो म्हणाला. “पिठाचा वास... कच्चाच... हलीव, थांबू नगंस... आता वाईच... ग्वाड.”

“झालं का?”

“घाई करू नगंस, बाई. ग्वाड. ग्वाड. लई ग्वाड...” त्याच्या नाकपुड्या फुगल्या. “तंबाखू! वत पानी! वत!”

तिनं बटाट्याचं पाणी ओतलं. तवा फुसकारला, वाफ छतापर्यंत गेली. तिनं ढवळलं, वडे आत सोडले, झाकण ठेवलं. तिला काहीच आलं नाही, नुसती गालांना ऊब लागली. पण त्या वाफेसरशी बाहेरच्या खोलीत खुर्च्या सरकल्या, कुणीतरी खोकलं आणि कुणीतरी मोठ्यानं म्हणालं, “आत्ता!” ओढ्यापल्याडचा लेमन होता.

पहिलं ताट डार्लीननं त्यालाच दिलं. तो घास चावत बसला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत. आयुष्यात त्यानं कुणाच्या रांधण्यावर शब्द काढला नव्हता, मान खाली घालून तो बिचारा लालेलाल झाला. शेवटी म्हणाला, “बाई... मिरी वाईच कमी हाय.”

मग ओलेटा दारातून ओरडली, “डार्लीन, त्येला मिरी दे!” आणि मग एकेकाचं तोंड उघडलं. घेवडा जरा शिजायला पायजे. बटाट्यात लोणी घाला की. एकानं तर पाव शिळा आहे म्हणून सांगितलं, आणि तो खरंच शिळा होता. सव्वीस वर्षांचं साठलेलं बाहेर येत होतं. रश्शावर मात्र कुणी काही बोललं नाही. ती ताटं पुसलेली आली, आणि या वेळी ती चवीनं पुसलीत, भिडेखातर नाही, हे ओलेटाला नीट कळलं.

ती खुर्चीजवळ येऊन थांबली. हॉबर्ट डोळे पुसत होता, कांद्यामुळं.

“हॉबर्ट,” ती म्हणाली, “तुजं लई उपकार झालं.”

त्यानं कानांवर टोपी ओढली. “उपकार ऱ्हाऊ दे. पुढच्या आठवड्यात माजं कापायचं गवात शिल्लक हाय, तरी यीन. पर ही खुर्ची बोचती. गादी तरी ठेव कायतरी.”

“गादी! राजा हायेस का रं तू?”

“मावशी,” डार्लीन दोन्ही हात भरून दारात उभी होती, “भाईर आजून नऊ जन हायती. आन् लिलाव सुटायला आलाय, येतील पंधरावीस. काय सांगू?”

“बसवून घे,” ओलेटा म्हणाली. तिनं तवा खरवडून पुसला, आचेवर चढवला आणि खिम्याच्या पातेल्यात हात घातला. एकेक गोळा तळव्यावर थापून ती मधे अंगठा दाबत गेली. चौथा वडा तव्यात पडला तेव्हा तिनं मान न वळवता हाक मारली, “हॉबर्ट, झोपलास का? आता कांदा टाकनार हाय.”